अकरा भाकऱ्यांचा भूप

आमच्या घरात एक ध्वनिमुद्रिका होती. ती आम्हांपैकी कोणालाही आवडत नव्हती, आणि तरीही ती आठवड्यातून चार-पाच वेळा वाजत असे. नावडती वस्तू घरात टिकून राहण्याची कारणे सहसा गरिबीची असतात. इथेही तसेच होते. पण पुढे तिने आमच्या घराचा जो ताबा घेतला, त्याचे कारण मला आजही पुरतेपणी सांगता येत नाही. ते शोधावे म्हणूनच हे लिहावयास घेतले आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण दिवसाची नोकरी आटोपून रात्री अशी पुस्तिका उघडत असाल. मीही तशीच उशिरा शिकलेली आहे. तेव्हा हातातले काम बाजूला न ठेवता ऐकलेत तरी चालेल. ही गोष्ट मुळात हातातले काम न सोडता ऐकण्याचीच आहे.

१९७८ सालची दिवाळी होती. आम्ही लालबागला एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो. आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. शिवाय गावाकडचे कोणीतरी एखाद-दुसरे माणूस नेहमी असेच. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात होते, चार साचे सांभाळत. त्या वर्षी बोनस हाती आल्यावर ते चोरबाजारात गेले आणि एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. चांगली शिसवी रंगाची लाकडी पेटी, आतच कर्णा बसवलेला, झाकणाची एक बिजागरी सैल. विकणाऱ्याने सोबत पाच तबकड्या दिल्या होत्या. दोन सिनेमातल्या गाण्यांच्या, एक नाट्यगीतांची, एक अभंगांची. पाचवी भलत्याच वेष्टनात घातलेली होती. तिच्यावरची इंग्रजी अक्षरे मी लावून लावून वाचली. किशोरी आमोणकर. एका बाजूला राग भूप, दुसऱ्या बाजूला राग बागेश्री.

शास्त्रीय संगीत आमच्या घरात कोणी ऐकलेले नव्हते असे म्हटले तर ते खरे होईल. पण संगीत नव्हते असे म्हटले तर ते साफ खोटे ठरेल. बाबा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, मालवणच्या बाजूचे. डबलबारीच्या भजनात पखवाजाच्या मागे उभे राहून झील धरण्यात त्यांची हयात गेलेली. चाळीत शनिवारी भजन असे, गणपतीत तर रोजच. भजनाचे एक बरे असते. दुसऱ्या ओळीला टाळी लागते, तिसऱ्या ओळीला ऐकणारा गाऊ लागतो. या पाचव्या तबकडीत तसे काहीच घडेना. तंबोरे वाजत राहिले, मग एक बाईंचा आवाज आला. त्यांनी एक स्वर लावला, तो जागेवर नीट बसला की नाही ते जणू पाहिले आणि पुन्हा खाली आल्या. पुन्हा वर गेल्या, पुन्हा आल्या. पाच मिनिटे झाली. आजी जपमाळ थांबवून म्हणाली, "झिला, ही बाय गाणां कधी सुरू करतली?"

आम्ही सगळे हसलो. बाबा हसले नाहीत. पाचातली एक फुकट गेली, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

ही तबकडी वाजू लागली ती आईमुळे, आणि तेही गाण्याच्या ओढीने नव्हे. सिनेमाच्या तबकडीवर दर तीन-चार मिनिटांनी नवे गाणे, आणि त्यांतली निम्मी गाणी इतकी झिजलेली की सुई अडकून तोच शब्द घोळवीत राही. आईचे हात पिठात असत. ती सारखी कोणाला तरी हाक मारी, "अगं, ती पिन उचल." या दीर्घ तबकडीला मात्र उठावे लागत नसे. सुई ठेवली की वीस-बावीस मिनिटे निश्चिंती. संध्याकाळी वातीचा स्टोव्ह पेटला की आई मला सांगे, "ती लांबवाली लाव." तांदळाच्या भाकरीला साधारण दोन मिनिटे लागतात. भूपाची बाजू संपेपर्यंत अकरा भाकऱ्या होत, आणि आमच्या घराला अकराच लागत. दहावी तव्यावर असताना बाईंची लय वाढलेली असे, 'सहेला रे' ही द्रुत बंदिश रंगात आलेली असे. अकरावी फुगून उतरली की सुई मधल्या कोऱ्या जागेत जाऊन खरखरू लागे. कधी बाजू आधी संपली तर आई म्हणे, "आज पीठ सैल झालं." चूक नेहमी पिठाची असे, गाण्याची कधीच नसे. घड्याळ म्हणून तिने त्या बाईंवर पुरता विश्वास टाकला होता.

ज्याला आपण आवडणे म्हणतो, त्याची सुरुवात इथे झाली असे मला वाटते. पहिल्याच श्रवणात आपण अशा गायनाने भारावून गेलो असे सांगणारी माणसे मला पुढे पुष्कळ भेटली. त्यांतली काही खरीही असतील. मला स्वतःला मात्र ते गाणे दीड-दोन वर्षे नुसते अंगावरून जात होते. गृहपाठ करताना ते वाजे, भावाशी भांडताना वाजे. आणि एके दिवशी शाळेतून परत येताना जिन्यावर माझ्या लक्षात आले की मी काहीतरी गुणगुणते आहे आणि त्याला शब्द नाहीत. सिनेमाचे गाणे ओठांवर येते ते शब्दांसकट. हे तसे नव्हते. दोन स्वरांमधली एक चाल होती ती, वर जाता जाता मध्येच विसावणारी. मी थांबून ते कोणते गाणे आहे हे आठवू लागले आणि आठवेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोहोचले होते.

पुढे कळले की भूपात स्वर पाचच. मध्यम आणि निषाद वर्ज्य; सा, रे, ग, प, ध एवढ्यावर सगळा संसार. हेच पाच स्वर घेऊन देशकारही उभा राहतो. पण त्याचे ठाण धैवतावर आणि वेळ सकाळची, तर भूपाचा जीव गंधारात आणि वेळ रात्रीचा पहिला प्रहर. म्हणजे काय आहे यापेक्षा कुठे थांबायचे आहे यावर राग ठरतो. हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली, कारण आमच्या घरात ही वेळ कोणीही न सांगता पाळली जात होती. भाकऱ्यांची वेळ म्हणजे दिवेलागण उलटल्यानंतरची. बागेश्रीचेही तसेच झाले. बाबा दुसऱ्या पाळीला असत त्या आठवड्यात ते रात्री बारानंतर घरी येत. आम्ही निजलेलो असू. आई आमटी गरम करी आणि आवाज अगदी बारीक करून दुसरी बाजू लावी, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये इतका. बागेश्री हा उत्तररात्रीकडे झुकणारा राग आहे हे तिला कोण सांगणार? संध्याकाळची बाजू भाकऱ्यांना लागते, तर ही दुसरी रात्रीची, एवढाच तिचा हिशेब. कोमल गंधार आणि कोमल निषाद मी त्या काळात अर्धवट झोपेत, पांघरुणातून ऐकले आहेत. अजूनही बागेश्री कानी पडला की मला गरम आमटीचा वास येतो. हे रसग्रहण नव्हे, हे मी जाणते.

आता बाबांविषयी सांगितले पाहिजे. साचेखाते तुम्ही पाहिले नसेल. शेकडो साचे एकाच वेळी चालतात, धोटे इकडून तिकडे आपटत असतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी खुणांनीच बोलावे लागते. अशा आवाजात वीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत; आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. बाबा घरात मोठ्याने बोलत आणि आम्ही हळू बोललेले त्यांना कळत नसे. भजनातही ते टाळ पाहून ताल धरत. त्या तबकडीकडे त्यांनी पहिले वर्षभर लक्षच दिले नाही. मग एका संध्याकाळी पाहिले तर ते पेटीच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेले होते आणि त्यांचा उजवा तळवा पेटीच्या लाकडावर होता. तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याची घुमारी, आवाजाचा खालचा भाग हे सारे लाकडातून हाताला कळत होते. मी काही विचारले नाही. पुढच्या संध्याकाळी ते पुन्हा तिथेच होते.

एकदाच ते त्याविषयी बोलले. "आमच्या खात्यात साचा थांबला तर काय होतं ठाऊक आहे ना? धागा तुटलेला असतो, नाहीतर काहीतरी मोडलेलं असतं. जॉबर धावत येतो. थांबणं म्हणजे नुकसान." मग पेटीवर बोटाने टक केले. "ही बाई थांबते. मुद्दाम थांबते. आणि काही मोडत नाही." एवढे बोलून ते पानाचा डबा शोधू लागले.

ते वाक्य तेव्हा मला विशेष वाटले नव्हते.

१९८१च्या गणपतीत भावाने खेळता खेळता पेटीखालचा कपडा ओढला आणि सुई भूपाच्या बाजूवर फरफटत गेली. चरा पडला. नंतर त्या जागी आले की सुई काही वेढे ओलांडून पुढे उडी मारी. ही तबकडी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. एक फेरा म्हणजे १.८ सेकंद. चार-पाच वेढे गेले म्हणजे फार तर नऊ सेकंद. पण ते नऊ सेकंद नेमके कुठले? बाई विलंबितात धैवतावर येऊन रेंगाळतात, आता वरच्या षड्जाला पोहोचणार असे वाटते, आणि पोहोचत नाहीत, ऐकणारा ताटकळतो. त्या ताटकळण्यावरच घाव पडला. आमच्या तबकडीवर बाई धैवतावरून टक् असा आवाज करून थेट षड्जावर जाऊन बसू लागल्या. पहिले काही दिवस आम्ही हळहळलो. मग ती उडीसुद्धा गाण्यात जमा झाली. भाऊ ती उडी येण्याआधी बोट वर करी आणि टक् झाल्यावर खाली आणी. बाबांना तो टक् हाताला चांगलाच कळे. तेही बोट वर करू लागले. आजी, जिने हे गाणे सुरू तरी कधी होणार असे विचारले होते, तीही माळ थांबवून वाट पाही.

त्याच दिवाळीत बोनसचा तंटा पेटला. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल. १८ जानेवारी १९८२पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. जयंत पवारांचे 'अधांतर' तुम्ही वाचले असेल, तर त्या दिवसांतल्या खोल्या कशा होत्या हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही. मला आठवतो तो भोंगा न होण्याचा पहिला आठवडा. आमची सगळी घड्याळे भोंग्यावर लावलेली. बाबा सवयीने पहाटे उठत, तोंड धूत आणि मग काय करावे हे न कळून दाराशी उभे राहत.

आधी आजी आणि भाऊ गावी गेले. चार महिन्यांनी बाबाही गेले. तिथे निदान भात तरी होता. मी दहावीला होते म्हणून आई आणि मी मुंबईत राहिलो. मे महिन्यात आईने भांडी विकली, मग माझ्या आतेभावाच्या ओळखीने एक माणूस रेकॉर्ड प्लेअर पाहायला आला. दोनशे रुपये ठरले. तबकड्यांची त्याने उलथापालथ केली, चार घेतल्या आणि पाचवी परत दिली. "ह्याला कोण घेणार? आणि चरापण आहे." आई काही बोलली नाही. तिने ती जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवली.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगत आले, ती सांगते. आईने त्याच महिन्यात खानावळ सुरू केली. गिरणगावात ही बायकांची जुनी रीत. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालायचे आणि महिन्याचे पैसे घ्यायचे. पण कामगारच संपावर, तेव्हा आईचे गिऱ्हाईक म्हणजे बंदरावरचे चार आणि एका छापखान्यातले तिघे. अकरा भाकऱ्यांच्या जागी आता रोज चाळीस-पन्नास होऊ लागल्या, आणि घड्याळ विकले गेले होते. मी दिव्याखाली बीजगणित सोडवीत बसलेली असे. भाकरी थापण्याच्या आवाजाआडून मला काहीतरी ऐकू येऊ लागले. आई गात होती असे मी म्हणणार नाही. तिला गाता येत नसे. ती मोजत होती. आरंभीचा संथ भाग, मग बढत, मग टक्, वरचा षड्ज, मग द्रुत. एक बाजू संपली की अकरा झाल्या. श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून. अशा रोज चार बाजू. तो टक् ती जिभेने करी. कोठे काय येते हे तिला सगळे पाठ होते. चार वर्षे जे गाणे तिने पाठ फिरवून, पिठात हात घालून ऐकले, त्यातले काही म्हणता काही सांडले नव्हते.

आवडते का हे तुला, असे मी तिला एकदा विचारले. "आवडायला वेळ कुठाय," ती म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली.

मी दहावी झाले आणि कॉलेज सोडून टंकलेखन शिकले. किशोरीताईंविषयी जे वाचावयास मिळाले ते नोकरी लागल्यानंतर. त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर, गोव्यातल्या कुर्डी गावच्या, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांनीच लेकीला घडवले. ते कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे अवशेष काही दिवस वर येतात. आणखी एक गोष्ट वाचली, ती मी आईला मुद्दाम वाचून दाखवली. तरुण वयात किशोरीताईंचा आवाज काही काळ गेला होता आणि उपचारांनंतर परत आला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तेवढा वेळ ती मनातच म्हणत असणार." समीक्षकांनी त्यांच्या अंतर्मुख गायनाविषयी पुष्कळ लिहिले आहे. त्यांतले मी काही वाचले, काही मला कळले नाही. आईचे ते वाक्य मात्र मला कळले.

१९८६ साली मी हप्त्याने एक छोटा कॅसेट प्लेअर घेतला आणि त्याच भूप-बागेश्रीची कॅसेट आणली. मे महिना होता. बाबा गावाहून आले होते. गिरणीत त्यांना पुन्हा घेतले गेले नव्हते. कान आणखी गेले होते, आणि ते पूर्वीपेक्षा हळू बोलू लागले होते. आजी दोन वर्षांपूर्वी वारली होती. भाऊ मिसरूड फुटलेला, खोलीत अवघडून बसलेला. मी कॅसेट लावली. बाबांनी सवयीने तळवा प्लेअरवर ठेवला आणि थोड्या वेळाने काढून घेतला. प्लॅस्टिकची ती डबी. तिच्यात हाताला काही कळेना. "छान आहे," ते मला म्हणाले. माझा हिरमोड होऊ नये म्हणून म्हणाले.

आईने पाहिले. ती उठली, भाकऱ्यांची पितळी परात घेतली, पदराने पुसली, बाबांच्या पुढ्यात पालथी घातली आणि प्लेअर तिच्यावर ठेवला. परातीच्या काठाला पीठ वाळून चिकटलेले होते. बाबांनी दोन्ही हातांची बोटे काठावर टेकवली. मी आवाज वाढवला. परात हलकीशी घुमू लागली आणि बाबांनी मान एका बाजूला कलती केली, तशीच, पूर्वीसारखी.

विलंबित पुढे सरकत होते. खोलीत कोणी बोलत नव्हते. बाई धैवतावर आल्या. भावाने बोट वर केले, माझेही कधी वर झाले कळले नाही, आणि बाबांनी एक हात काठावर तसाच ठेवून दुसऱ्या हाताचे बोट उचलले. टक् झाला नाही. बाई धैवतावरच राहिल्या. तिथून जरा खाली उतरल्या, पंचमाला स्पर्श करून परत आल्या, पुन्हा थांबल्या. पाच वर्षे आम्ही जे नऊ सेकंद ऐकलेच नव्हते, ते आमच्यापुढून चालले होते आणि आम्ही तिघे बोटे वर करून बसलो होतो.

षड्ज लागला तेव्हा आईने परातीकडे बघितले. "हे मधलं तिनं नंतर घातलं असेल," ती म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले. त्यांचे बोट अजून वरच होते. "पहिल्यापासून होतं."